कूर्चेभोवती हाड, की हाडाभोवती कूर्चा?

बाटलीसोबत आलेल्या फॉर्मवर एवढंच होतं: पुरुष, 51 वर्षे, उजवी मांडी, हाड, बायोप्सी. आजाराच्या माहितीसाठी सोडलेल्या दोन ओळी कोऱ्या होत्या. फॉर्मॅलिनमध्ये चार पांढुरके तुकडे, सगळ्यात मोठा 6 मिलिमीटरचा, चिमट्यात धरला की खडूसारखा किरकिरणारा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी 22 वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. या प्रकरणातली मोठी चूक माझी होती, म्हणून ते मीच लिहायला हवं. रुग्णाची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. गाठीचे तपशील जसे होते तसे आहेत.

तुकडे आम्लात मऊ व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. निळसर-राखाडी, नितळ कूर्चा (सांध्यांत, कानात असतं तसं मऊ, लवचीक हाड), तिचे लहानमोठे गड्डे. पेशी विरळ, प्रत्येक आपापल्या खळीत बसलेली. केंद्रकं मोहरीच्या दाण्यासारखी बारीक, काळपट आणि इतकी गच्च की आतलं काही दिसू नये. एका पेशीत दोन केंद्रकं कुठे दिसतात का म्हणून सगळी काच पालथी घातली, एकही मिळाली नाही. मधेमधे चुन्याचे जांभळे डाग होते, आणि दोन गड्ड्यांच्या कडेने नव्या हाडाची पातळ गुलाबी पट्टी होती, लुगड्याला काठ असावा तशी. मी रिपोर्ट लिहिला: ‘कूर्चेची साधी गाठ, एन्कॉन्ड्रोमाशी सुसंगत. एक्स-रेशी पडताळून पाहावे.’ सही केली आणि पुढची काच घेतली.

शेवटचं ते वाक्य आम्ही पॅथॉलॉजिस्ट सवयीने लिहितो. ते लिहिलं की आपली जबाबदारी संपली असं वाटतं. खरं तर एक्स-रे मागवून पडताळणी करणं माझंच काम होतं.

पाच दिवसांनी रुग्णाचा मुलगा लॅबमध्ये आला. “मॅडम, वडलांचं गुरुवारी ऑपरेशन हाय. योजनेच्या फायलीला तुमचा सहीशिक्क्याचा रिपोर्ट पायजे.” त्याच्या काखेत मोठं पिवळं पाकीट होतं. शिक्का मारता मारता मी विचारलं, “एक्स-रे आहे का त्यात? बघू जरा.” फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि शिक्क्याची शाई वाळायच्या आत मला कळलं की माझा रिपोर्ट चुकला आहे.

मांडीचं हाड, वरचं टोक. खुब्याच्या खालून सुरू होऊन सुमारे 11 सेंटिमीटर खाली गेलेली गाठ. वरच्या भागात चुन्याची गोल कडी आणि अर्धवर्तुळं, लाह्या फुटल्यासारखी. कूर्चेची गाठ ओळखायची ही खूण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवतात. एवढाच भाग पाहिला असता तर मीही एन्कॉन्ड्रोमाच म्हटलं असतं. पण खालचे साधारण 4 सेंटिमीटर रिकामे होते. चुना तिथे एकदम संपत होता आणि त्या जागी फक्त काळी पोकळी होती. तिथे हाडाची भिंत आतून वाटीवाटीने कुरतडलेली, काही ठिकाणी दोन-तृतीयांशांहून खोल. बाहेरून मात्र तीच भिंत जाड झालेली आणि किंचित फुगलेली.

आतून झिजणारं हाड बाहेरून जाड कसं होईल, हे समजून घेण्यासारखं आहे. हाडावरचं आवरण जिवंत असतं. आतून कुणी हळूहळू भिंत खाऊ लागलं की ते बाहेरून थर चढवत राहतं, घराची भिंत आतून ओल धरू लागली की बाहेरून गिलावा चढवावा तसं. गाठ झपाट्याने वाढली तर आवरणाला वेळच मिळत नाही आणि भिंत फुटते. इथे भिंत जाडही होती आणि पोखरलेलीही. म्हणजे गाठ महिनोन् महिने, कदाचित वर्षानुवर्षं, सावकाश पण न थांबता वाढत होती. लांब हाडातला कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, असाच वागतो.

आणि माझे चार तुकडे? मुलाने सांगितलं, सुई “वरनं, खुब्याजवळनं” घातली होती. म्हणजे ते लाह्यांच्या भागातून आले होते. काचेवर मी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. गाठीचा जुना, शांत, चुना साचलेला भाग खरोखर तसाच होता. मी त्या भागावरून सगळ्या गाठीचं नाव ठेवलं, तिथे चुकले. हेन्री जाफे आणि लुई लिख्टेनस्टाइन यांनी 1943 साली कूर्चेच्या कर्करोगाच्या खुणा मांडल्या: भरदार केंद्रकांच्या पुष्कळ पेशी, अधूनमधून नव्हे तर वारंवार दिसणाऱ्या दोन केंद्रकांच्या पेशी, आणि मोठाल्या केंद्रकांच्या राक्षसी पेशी. त्यासोबत त्यांनी बजावलं होतं की या खुणा गाठीच्या जिवंत, फारसा चुना न साचलेल्या भागात शोधा. हे मी शिकले होते, शिकवलंही होतं. पण फिल्म समोर नसताना चुना कुठे आहे आणि कुठे नाही हे काचेवरून कळायला मार्ग नव्हता.

मुलाला बसवून घेतलं आणि मग पहिल्यांदा त्या माणसाची सगळी हकिगत ऐकली. वडील गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ रांधणारे. हंगामात रोज बारा-चौदा तास काहिलीपुढे उभं राहणं. दुखणं 11 महिन्यांपूर्वी सुरू झालं, ते गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो वयाला साजेसा होता. गुडघ्यात इंजेक्शन झालं, पट्टा झाला, मग कुणी कमरेची शीर दबली म्हणालं. खुब्याचं आणि मांडीच्या वरच्या भागाचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या नसा एकच आहेत. गुडघा दुखतोय आणि गुडघ्याचा एक्स-रे बरा आहे, तर खुब्याचा काढायचा, एवढी साधी गोष्ट आठ महिने राहून गेली. “आणि रात्री?” मी विचारलं. “रात्रीच जास्त. आतनं ठणकतंय म्हणत्यात. उठून बसत्यात.”

रात्रीचा ठणका. साधा एन्कॉन्ड्रोमा दुखत नाही, हाड मोडलं तरच दुखतो. काम केल्यावर दुखणं आणि विश्रांती घेऊनही दुखणं यांतला फरक फॉर्मवरच्या त्या दोन कोऱ्या ओळींत मावला असता.

सर्जनना तिथूनच फोन लावला. आमची जुनी ओळख, सज्जन आणि सावध माणूस. त्यांची योजना गाठ खरवडून पोकळी बोन सिमेंटने भरायची होती. साध्या गाठीला, किंवा अगदी मंद वाढणाऱ्या गाठीलाही, ती योग्यच. त्यांचा पहिला प्रश्न होता, “पण तुम्ही एन्कॉन्ड्रोमा म्हणालात ना?” मी म्हटलं, “सर, फिल्म तुमच्याकडे होती आणि स्लाईड माझ्याकडे. दोघांची गाठ पडलीच नाही.” ते क्षणभर गप्प राहिले. त्यांनाही भिंत कुरतडलेली दिसली होती. पण रिपोर्ट साधा आला म्हणून त्यांनी मनातली शंका बाजूला ठेवली होती. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि मी अर्धीच गोष्ट पाहिली होती. गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. त्या संध्याकाळपासून रुग्णाला कुबड्या दिल्या, कारण पोखरलेलं मांडीचं हाड वजनाखाली मोडलं असतं तर गाठीच्या पेशी स्नायूंत सांडल्या असत्या आणि अवयव वाचवणं कठीण झालं असतं.

खरवडलं असतं तर काय झालं असतं, हे मुलाला मी त्याच दिवशी सांगितलं. कूर्चेच्या कर्करोगावर नेहमीची केमोथेरपी जवळजवळ चालत नाही. पेशी सावकाश विभागतात, गाठीत रक्तवाहिन्या कमी असतात आणि भोवती कूर्चेचा जाड गर असतो. किरणोपचारालाही ती फारशी दाद देत नाही. म्हणून पहिली शस्त्रक्रिया हीच खरी संधी असते. गाठ उघडून पेशी इकडेतिकडे पसरल्या तर दुसऱ्या खेपेला मागे फिरायला जागा उरत नाही.

माझी स्लाईड, ब्लॉक (मेणात बसवलेले तेच तुकडे) आणि ते पिवळं पाकीट घेऊन बापलेक मुंबईच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेले. तिथे हाडांचा सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच टेबलाभोवती बसतात. एमआरआयमध्ये वरच्या भागात कूर्चेच्या गड्ड्यांमधून मज्जेची चरबी शिल्लक दिसत होती. ही साध्या गाठीची खूण. खालच्या भागात चरबीचा मागमूस नव्हता, गड्डे एकमेकांना भिडलेले, आणि भोवतालच्या मज्जेला सूज. भिंत फोडून गाठ स्नायूंत आलेली नव्हती. छातीचा सीटी स्वच्छ होता. दुसरी बायोप्सी त्यांनी सीटीच्या मार्गदर्शनाखाली नेमकी त्या काळ्या पोकळीतून घेतली, आणि सुई पुढे जिथे छेद द्यायचा होता त्याच रेषेवर घातली. सुईची वाट गाठीच्या पेशींनी दूषित झाली असं समजून ती गाठीसोबतच कापून काढायची असते. आमच्याकडची पहिली सुई सुदैवाने त्याच बाजूने गेली होती. ती पुढून मोठ्या नसेजवळून गेली असती तर?

दुसऱ्या बायोप्सीच्या स्लाईड त्यांनी मला पाहायला पाठवल्या. माझी जुनी काच आणि ही नवी काच मी आजही विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवते. नव्या काचेत पेशींची दाटी. केंद्रकं फुगीर आणि उघडी, आत गुणसूत्रांच्या द्रव्याची जाळी आणि ठळक ठिपका दिसेल इतकी. दोन केंद्रकांच्या पेशी दर दोन-तीन क्षेत्रांत. कूर्चेचा गर काही ठिकाणी पातळ, शेंबडासारखा झालेला आणि त्यात पेशी तरंगत होत्या. पण मला सगळ्यात बोलकं वाटलं ते वेगळंच. माझ्या जुन्या काचेवर कूर्चेच्या गड्ड्याभोवती नव्या हाडाची किनार होती: कूर्चा आत, हाड बाहेर. गाठ थांबली की शरीर तिला असं कुंपण घालतं. नव्या काचेवर बरोबर उलटं होतं. रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या हाडाच्या पट्ट्या कूर्चेच्या पुरात अडकल्या होत्या, चारही बाजूंनी वेढलेल्या, कडा खाल्लेल्या. हाड आत, कूर्चा बाहेर. अशी घुसखोरी साधी गाठ करत नाही. निदान झालं: कॉन्ड्रोसार्कोमा, ग्रेड 2, म्हणजे मधल्या जोराचा.

कूर्चेच्या गाठीत नुसत्या पेशींच्या रूपावर विसंबणं किती धोक्याचं आहे, ते या प्रकरणापुरतंच नाही. एन्कॉन्ड्रोमा आणि सगळ्यात मंद ग्रेड 1 यांच्यात फरक करताना निष्णात पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही, हे अनेकदा पडताळून पाहिलं गेलं आहे. युरोपातल्या एका गटाने 2009 साली पाच गोष्टींवर भर दिला: पेशींची दाटी, अडकलेलं जुनं हाड, उघडी केंद्रकं, शेंबडासारखा गर, आणि रुग्णाचं वय 45 च्या वर असणं. पाचवी गोष्ट काचेवर दिसत नाही, ती फॉर्मवर लागते. माझ्या फॉर्मवर ती होती. तरी मी तिला महत्त्व दिलं नाही.

हाड कुठलं, याला तर त्याहून जास्त वजन आहे. बोटाच्या हाडातल्या एन्कॉन्ड्रोमात पेशींची दाटी असते, दोन केंद्रकांच्या पेशीही दिसतात, आणि तरी ती गाठ साधीच असते. भाकरी थापताना बोट मोडलं म्हणून आलेल्या एका बाईच्या बोटातला तुकडा मी पाहिला होता. तोच तुकडा मांडीच्या हाडातला म्हणून दाखवला असता तर मी कर्करोग लिहिला असता. उलट कमरेच्या हाडात कितीही शांत दिसणारी कूर्चा असली तरी ती कर्करोगाचीच समजून चालावं लागतं, कारण तिथे साधा एन्कॉन्ड्रोमा फार दुर्मीळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या वर्गीकरणात तर नावच जागेवरून ठरतं. हातापायाच्या लांब हाडात जिला ‘अॅटिपिकल कार्टिलाजिनस ट्यूमर’ (नेहमीपेक्षा वेगळी कूर्चेची गाठ) म्हणायचं, अगदी तशीच दिसणारी गाठ कमरेच्या हाडात किंवा खवाट्यात असेल तर ती कॉन्ड्रोसार्कोमा ग्रेड 1. काच तीच, नाव वेगळं, शस्त्रक्रियाही वेगळी. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं, आता वाटत नाही. हातापायातली तशी गाठ खरवडून निभावते, कमरेतली निभावत नाही. नाव ठेवायचं ते गाठ पुढे काय करणार यावरून.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्याकडे अशा चुकांपेक्षा उलट्या चुका जास्त होतात. खांदा आखडलेली, मधुमेह असलेली पन्नाशीची बाई एक्स-रे काढते आणि दंडाच्या हाडात वरच्या टोकाला कूर्चेचा जुना डाग दिसतो. रिपोर्टात ‘कॉन्ड्रोसार्कोमा नाकारता येत नाही’ असं एक वाक्य येतं आणि घरावर आभाळ कोसळतं. खरं तर दुखतो तो आखडलेला सांधा, डाग नव्हे. भिंत कुरतडलेली नसेल, किंवा अगदी वरवर असेल, चुना सगळीकडे सारखा असेल, दुखणं खांदा फिरवल्यावरच होत असेल, तर त्या हाडात सुई घालायचीही गरज नसते. व्यायाम द्यायचा, काही महिन्यांनी पुन्हा फिल्म काढायची आणि जुनी फिल्म शेजारी ठेवून पाहायची. म्हणून रुग्णांना मी आवर्जून सांगते की जुन्या फिल्मा रद्दीत टाकू नका. या गाठींबद्दल सगळ्यात खरं काय ते दोन तारखांच्या दोन फिल्मा सांगतात.

आमच्या गुळव्याचं ऑपरेशन मुंबईत झालं. वरच्या टोकासकट मांडीचं 17 सेंटिमीटर हाड, भोवतालच्या निरोगी स्नायूच्या थरात गुंडाळलेलं आणि दोन्ही सुयांच्या वाटांसह, अखंड काढलं. जागी धातूचं मोठं कृत्रिम हाड बसवलं. काढलेलं हाड उभं चिरल्यावरचा फोटो त्यांनी पाठवला. वरचा भाग निळसर पांढरा, कडक, चुन्याच्या कणांनी भरलेला. खालचा अर्धपारदर्शक, थरथरणाऱ्या खरवसासारखा. मधली सीमा बोट ठेवून दाखवावी इतकी स्पष्ट. जुन्या एन्कॉन्ड्रोमाच्या पोटातून हा कर्करोग निघाला असावा, असं त्यांनी रिपोर्टात लिहिलं आणि मलाही तसंच वाटतं. सगळ्या कडा मोकळ्या होत्या.

गाठीत आयडीएच1 जनुकातला बदल सापडला. मुलाने उत्सुकतेने विचारलं, “म्हणजे पक्कं झालं ना?” नाही, त्याने ते पक्कं होत नाही. हा बदल सुमारे निम्म्या साध्या एन्कॉन्ड्रोमांतही असतो आणि कॉन्ड्रोसार्कोमांतही. साधी की घातक, हे त्यावरून कळत नाही. कूर्चा तयार करणाऱ्या ऑस्टिओसार्कोमापासून (हाडाच्या दुसऱ्या एका कर्करोगापासून) वेगळं ओळखायला मात्र तो उपयोगी पडतो. तेवढ्यासाठी आता मी हाडाचा एक तुकडा तीव्र आम्लाऐवजी ईडीटीएमध्ये (हाडातला चुना सावकाश काढणाऱ्या रसायनात) मऊ करायला ठेवते. आम्लात डीएनए खराब होतो. ईडीटीएला दिवस जास्त लागतात, पण पुढे कुणाला जनुकाची तपासणी करायची झाली तर दार उघडं राहतं.

लॅबमध्ये आणखी एक बदल केला. हाडाचा तुकडा आला की सोबत फिल्म, निदान मोबाइलवर काढलेला तिचा फोटो, आल्याशिवाय मी सही करत नाही. सुरुवातीला दोघातिघांनी कुरकुर केली. एका तरुण सर्जनने “मॅडम, तुम्ही आमचं निदान बघून तुमचं देणार का?” असं विचारलं. मी हो म्हटलं. हाडाच्या गाठीत तसंच द्यायचं असतं. ज्या सर्जनबरोबर हे प्रकरण घडलं ते आता फिल्म घेऊन स्वतः जिना चढून वर येतात. काच मी दाखवते, फिल्म ते दाखवतात. दोघांचं जुळलं नाही तर त्या दिवशी रिपोर्ट जात नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. गुळव्या काठी घेऊन चालतात, थोडे लंगडतात, कारण खुब्याचे काही स्नायू हाडाबरोबर गेले. काहिलीपुढे उभं राहणं बंद झालं. पण गुळाची गोळी जमली का हे पाहायला, पाण्यात सोडलेला पाक दोन बोटांत घेऊन बघायला, त्यांना अजूनही खुर्ची टाकून बसवतात. हा आजार दहा वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून छातीचा सीटी आणि मांडीची फिल्म ठरलेल्या तारखांना चालूच आहे. गेल्या खेपेला ते माझ्याकडेही आले. बसायच्या आधी त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “आधी बघा. मग च्या पिऊ.” फिल्म उजेडाला धरली. कापलेल्या हाडाच्या टोकाशी कुठेही कुरतडल्याची खूण नव्हती, मऊ भागात चुन्याचा ठिपका नव्हता. पुढची तारीख ऑक्टोबरातली आहे, गुऱ्हाळं पेटायच्या आधीची.